उसाच्या सीझनबरोबर चालणारा बर्फाचा सीझन

दिवाळीच्या आगेमागे आपल्या चिकोडी-निपाणी-संकेश्वर पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडायला लागतात आणि मार्चपर्यंत गाळप आटोपत येतं. नेमक्या त्याच पाच महिन्यांत युरोप-अमेरिकेच्या डोंगरांवर अल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येण्याच्या शर्यतींचा, विश्वचषक चालतो. क्रिकेटसारखी महिनाभराची एकच स्पर्धा असं त्याचं स्वरूप नाही. १९६७ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या स्पर्धेत सगळा सीझन हाच विश्वचषक असतो: पुरुषांच्या आणि महिलांच्या प्रत्येकी पस्तीस-चाळीस शर्यती, प्रत्येकीचे गुण, आणि शेवटी ज्याची बेरीज जास्त त्याला काचेचा मोठा गोल. शिवाय प्रत्येक प्रकाराचा एक छोटा गोल असतो तो वेगळाच.

या खेळाबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते वेगाबद्दल असतं. माझं मत असं की आधी बर्फ बघावा, मग त्या बर्फावर कुणाचा नंबर कितवा लागला ते बघावं, आणि वेग त्यानंतर. हा क्रम धरला की टीव्हीवर एकामागून एक सारखीच दिसणारी माणसं वेगवेगळी दिसायला लागतात.

आधी घड्याळाचं बघूया, कारण पहिली चूक तिथेच होते. युरोपात हिवाळी वेळ चालू असताना त्यांच्या वेळेत साडेचार तास मिळवायचे. सकाळी १० ची पहिली फेरी म्हणजे आपले दुपारचे २.३०, दुपारी १ ची दुसरी फेरी म्हणजे संध्याकाळचे ५.३०. ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगची रात्रीची स्लॅलम (वळणावळणाची शर्यत) तिथे ५.४५ ला सुरू झाली की इथे रात्रीचे १०.१५ वाजलेले असतात आणि दुसरी फेरी मध्यरात्रीनंतर सव्वाला. अमेरिकेत कोलोरॅडोच्या बीव्हर क्रीकला सकाळी ११ म्हणजे आपले रात्रीचे ११.३०. खरी गोची होते ती सीझनच्या पहिल्याच शनिवार-रविवारी, ऑस्ट्रियातल्या सोल्डेनला. युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि सोल्डेनच्या शर्यती बहुतेक त्याच दोन दिवशी असतात. २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षी तसंच झालं. शनिवारी महिलांची १० ची फेरी आपल्याकडे दीड वाजता, आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांची तीच १० ची फेरी अडीच वाजता. चित्र बघायला मिळालं नाही तरी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे फिसच्या, संकेतस्थळावर लाइव्ह टायमिंग असतं. ते नुसत्या आकड्यांचं असल्यामुळे खेडेगावातल्या मंद नेटवरही चालतं.

प्रकार चार आहेत. स्लॅलम सगळ्यात आखूड आणि वळणाची: पुरुषांच्या शर्यतीत १८० ते २२० मीटरची उतरण (म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकांच्या उंचीतला फरक) आणि वळणाच्या खांबांत ६ ते १३ मीटर अंतर. जायंट स्लॅलममध्ये खांब लांब लांब, उतरण ३०० ते ४५० मीटर. या दोन्हींत दोन फेऱ्या होतात, वेळांची बेरीज धरतात, आणि दुसऱ्या फेरीसाठी मांडणी बदलतात. सुपर-जी आणि डाउनहिल या वेगाच्या शर्यती, एकाच फेरीच्या. डाउनहिलला आधी सराव-फेऱ्या असतात आणि निदान एका सराव-फेरीत उतरल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. सुपर-जीला सराव नसतो. सकाळी मार्ग नजरेने बघायचा, लक्षात ठेवायचा आणि थेट उतरायचं. म्हणून सुपर-जी हा मला सगळ्यात कठीण प्रकार वाटतो.

उतरणीचा अंदाज यावा म्हणून ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलचा श्ट्राइफ हा डाउनहिलचा मार्ग घेऊया. किट्झब्युल गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे बेळगावच्याच उंचीवर. फरक आहे तो अक्षांशाचा. शर्यत सुरू होते १६६५ मीटरवर आणि संपते ८०५ वर. ही ८६० मीटरची उतरण ३.३ किलोमीटरांत. आंबोलीहून घाट उतरून सावंतवाडी गाठली तरी एवढी उंची कमी होत नाही. १९९७ मध्ये फ्रिट्झ श्ट्रोबलने हे अंतर १ मिनिट ५१.५८ सेकंदांत कापलं, म्हणजे सरासरीच ताशी १०७ किलोमीटर. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनचा मार्ग याहून लांब, सुमारे साडेचार किलोमीटरचा आणि अडीच मिनिटांच्या आसपास चालणारा. तिथे २०१३ मध्ये योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे ४५ सेंटिमीटर. निकाल शतांशापर्यंतच लावतात. तिथपर्यंत बरोबरी झाली तर दोघांनाही तोच क्रमांक आणि तेच गुण मिळतात.

आता बर्फ. आभाळातून पडणारा भुसभुशीत बर्फ पर्यटकाला हवा असतो, शर्यतीच्या आयोजकाला नको असतो. रात्री हात-दोन हात बर्फ पडला तर शेकडो माणसं फावडी घेऊन पहाटेपासून तो मार्गाबाहेर काढतात. कारण साधं आहे. साठ-सत्तर जण एकाच रेषेतून एकाच खांबाशी वळणार, वळताना प्रत्येक जण आपल्या वजनाच्या कैक पट दाब स्कीच्या एका धारेवर देणार. मऊ बर्फावर दहाव्या माणसापर्यंत बैलगाडीच्या चाकोरीसारखी खोल चर पडते आणि विसाव्या माणसाची स्की त्या चरीत अडकते.

म्हणून पाया यंत्राच्या बर्फाचा घालतात. पाण्याचा बारीक फवारा दाबाच्या हवेने उंच उडवायचा, खाली येईपर्यंत थेंब गोठतात. ताज्या नैसर्गिक बर्फाचा घनमीटर शंभर किलोच्या आसपास भरतो, यंत्राच्या बर्फाचा चारशेच्या वर. यंत्र चालवताना नुसतं तापमान बघून भागत नाही, हवेचा ओलावाही बघावा लागतो. आपल्या माठाचं गणित तेच आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं, जूनच्या दमट हवेत होत नाही. उडून जाणारा पाण्याचा अंश उरलेल्याची उष्णता घेऊन जातो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर उणे अडीचच्या आसपास आला की यंत्रं सुरू करता येतात. हवा कोरडी असेल तर तेव्हा साधा थर्मामीटर शून्यावर किंवा जरा वरही असू शकतो. हवा दमट असेल तर साध्यावर उणे दोन दिसूनही खाली नुसता ओला राडा पडतो.

एवढ्यावर थर तयार होत नाही. यंत्राने दाबून घेतलेल्या त्या थरात पाणी टोचतात. औषध फवारणीच्या बूमसारखी लांब नळी, तिला खाली तोंड केलेली नोझल. ती जमिनीवर टेकवून दाबाचं पाणी थराच्या आत सोडायचं, हातभर पुढे सरकायचं, पुन्हा टेकवायचं. वरून शिंपलेलं पाणी नुसती पापडी धरतं आणि स्कीखाली ती ढपल्याने निघते. आत टोचलेलं पाणी थर सांधून टाकतं. बिघडतं ते दोन प्रकारे. एका जागी पाणी जास्त गेलं तर तेवढाच पट्टा काचेसारखा होतो, आणि बाकी उतारावर धरणारी धार तिथे आल्यावर एकदम सुटते. दुसरं म्हणजे रात्री आभाळ भरून आलं तर टोचलेलं पाणी गोठतच नाही. ढगाळ रात्री थंडी पडत नाही हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मार्चमध्ये, किंवा जानेवारीतही ऊब वाढली की, शेवटचा उपाय म्हणून मीठ टाकतात. बर्फ वितळवणारं मीठ बर्फ कडक करायला कसं चालेल, असा प्रश्न पडतो. ज्यांनी घरी पॉटचं आइस्क्रीम फिरवलंय त्यांना उत्तर ठाऊक आहे. बर्फात जाडं मीठ घातलं की तो बर्फ वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने खेचून घेतो, म्हणून आतलं दूध गोठतं. उतारावर ओल्या बर्फात मीठ टाकलं की वरचे कण वितळताना खालचं पाणी गोठवतात. बर्फ कोरडा असेल तर मीठ काम करत नाही, ओलावा हवाच. बारीक मिठाचा परिणाम लवकर होतो आणि लवकर ओसरतो, जाड मीठ सावकाश आणि खोलवर जातं. परिणाम काही तासच टिकतो. म्हणजे पहिल्या फेरीसाठी टाकलेलं मीठ दुसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत पुरेलच असं नाही.

कितीही केलं तरी निसर्गापुढे काही वेळा इलाज चालत नाही. स्वित्झर्लंड आणि इटलीची हद्द ओलांडणारी त्सेरमाट-चेर्विनियाची डाउनहिल मोठ्या हौसेने मांडली गेली होती. २०२२ मध्ये ठरलेल्या चारही शर्यती बर्फाअभावी रद्द झाल्या, २०२३ मध्ये पुन्हा चारही रद्द झाल्या, त्या वेळी वारा आणि जास्तीच्या हिमवर्षावामुळे. आठांपैकी एकही न होता ती स्पर्धा कार्यक्रमातून गेली. एका डोंगरावरून दोन देशांत उतरणारी शर्यत आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला बघायची फार इच्छा होती.

बर्फ असा झिजणारा असल्यामुळे छातीवरचा नंबर, म्हणजे बिब, महत्त्वाचा. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये क्रमवारीतले पहिले सात जण १ ते ७ नंबरांसाठी चिठ्ठ्या काढतात, पुढचे आठ जण ८ ते १५ साठी, त्यानंतर यादीप्रमाणे. म्हणजे जो आधीच चांगला आहे त्यालाच अभंग बर्फ मिळतो. नव्या पोराला पन्नासावा नंबर मिळतो, आणि त्याला वर यायचं असेल तर चरी पडलेल्या मार्गावरून पहिल्या तिसांत यावं लागतं, कारण दुसरी फेरी फक्त तिसांनाच मिळते. लाइव्ह टायमिंगवर ४५ च्या पुढचा बिब पहिल्या तिसांत आलेला दिसला तर ते नाव टिपून ठेवा. जिंकणाऱ्यापेक्षा त्या दिवशी मला तोच मोठा वाटतो.

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो: तिसावा आधी उतरतो, पहिला शेवटी. आघाडीवरच्याला त्याच्या आघाडीची किंमत खराब बर्फाने मोजावी लागते. याचं टोकाचं उदाहरण ४ फेब्रुवारी २०२४ चं, फ्रान्समधल्या शामोनीच्या स्लॅलमचं. हवा उबदार होती. स्वित्झर्लंडचा डॅनिएल यूल पहिल्या फेरीत कसाबसा तिसावा, आघाडीच्या क्लेमाँ नोएलपेक्षा जवळपास दोन सेकंद मागे. दुसऱ्या फेरीत त्याला सगळ्यात आधी, ताज्या मार्गावरून उतरायला मिळालं. त्यानंतरचे एकोणतीस जण दर मिनिटाला बिघडत जाणाऱ्या बर्फावरून आले आणि यूल जिंकला. तिसाव्या जागेवरून जिंकण्याची विश्वचषकातली ती पहिलीच वेळ. नोएल तिसरा आला. डाउनहिलमध्ये कधीकधी उलटही घडतं: ऊन पडलं, वारा थांबला की मागच्यांना फायदा होतो. १९९३ मध्ये वाल गार्डेनाला लिख्टेनश्टाइनचा मार्कुस फोझर ६६ व्या नंबरवरून उतरून जिंकला होता.

गुण पहिल्या तीस जणांना: १००, ८०, ६०, ५०, ४५, ४० असे उतरत तिसाव्याला १. यातली मेख बघा. एक विजय आणि एकदा पडणं म्हणजे १००. दोनदा तिसरं येणं म्हणजे १२०. म्हणून मोठा गोल बहुधा सतत पहिल्या पाचांत राहणाऱ्याकडे जातो. २०२२-२३ मध्ये मार्को ओडरमाटने २०४२ गुण केले, पुरुषांतला विक्रम. हेर्मान मायरचे २००० मागे पडले. महिलांत टीना माझेचे २०१२-१३ चे २४१४ अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. एकूण विजयांत मिकाएला शिफरिनने मार्च २०२३ मध्ये इंगेमार स्टेनमार्कचे ८६ ओलांडले आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला सेस्त्रिएरेमध्ये शंभरावा विजय मिळवला.

स्कीच्या तयारीबद्दल बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपवाल्यांना जास्त समजावून सांगावं लागणार नाही. तळ सरफेस ग्राइंडरसारख्या दगडी चाकावर घासून त्यावर बारीक रेघा पाडतात. ओल्या बर्फासाठी रेघा जाड, कोरड्या थंड बर्फासाठी बारीक. रेघा नसतील तर तळाखाली पाण्याचा पातळ पडदा धरतो आणि स्की चिकटते. पोलादी धार आधी कानशीने, मग डायमंडच्या पट्टीने काढतात. ऊसतोडीचा कोयता लावताना जसा हात एकाच कोनात ठेवावा लागतो तसाच इथेही, फक्त कोनासाठी गाइड असतो: बाजूची धार साधारण ८७ अंशांची, तळाकडून अर्धा अंश उचललेली. मग इस्त्रीने मेण वितळवून तळात मुरवायचं, थंड होऊ द्यायचं, पट्टीने खरवडायचं आणि ब्रशने रेघांमधलंही काढायचं. मेण तळाच्या आत हवं, वर राहिलं तर वेग मारतं. फ्लोरिनयुक्त मेणावर २०२३-२४ पासून बंदी आहे. पुरुषांची स्लॅलमची स्की निदान १६५ सेंटिमीटर, जायंटची १९३, सुपर-जीची २१० आणि डाउनहिलची २१८.

धार जास्त तीक्ष्ण ठेवली आणि बर्फ अपेक्षेपेक्षा मऊ निघाला तर ती एकदम चावते. गुडघ्याच्या पुढच्या क्रॉस लिगामेंटच्या (हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) बऱ्याच दुखापती याच क्षणी होतात. बाहेरची स्की घसरते, खेळाडू पकड शोधायला पाय लांब करतो, तेवढ्यात स्कीची आतली धार अचानक पकडते आणि गुडघा आत वळतो. खेळाडू अजून उभा असतो आणि लिगामेंट गेलेलं असतं, पडणं त्याच्यानंतर. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटायलाही वेळ मिळत नाही. सुटलेल्या स्कीची धार तर चाकूच. जानेवारी २०२४ मध्ये वेंगेनला नॉर्वेचा अलेक्झांडर आमोड्ट किल्डे जाळीत आदळला, खांदा गेला आणि पोटरीला खोल जखम झाली. २०२४-२५ पासून न कापला जाणारा आतला पोशाख सक्तीचा झाला आणि डाउनहिल, सुपर-जीला अंगातली एअरबॅगही. हे नियम आधीच यायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

बर्फ नसलेल्या देशांचं काय? लुकास पिनेरो ब्रॉथेनने आधी नॉर्वेकडून स्लॅलमचा गोल जिंकला, मग आईच्या देशाकडून, ब्राझीलकडून उतरायला लागला. डिसेंबर २०२४ मध्ये बीव्हर क्रीकला दुसरा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये फिनलंडमधल्या लेव्हीची स्लॅलम जिंकला, ब्राझीलचा पहिला विजय. लेव्हीला विजेत्याला रेनडिअर देतात. जत्रेतल्या शर्यतीला मेंढा लावतात तसं. मात्र ब्रॉथेन बर्फातच वाढलेला आहे, हे विसरू नये.

आपल्या काश्मीरच्या स्कीपटू आरिफ खानचा आकडा त्या अंगाने बघा. बीजिंग २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला, एकूण वेळ २ मिनिटं ४७.२४ सेकंद, सुवर्ण जिंकणाऱ्या ओडरमाटची २ मिनिटं ०९.३५. फिसचे पात्रता-गुण असे काढतात: आपली वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून १ वजा, गुणिले प्रकाराचा ठरलेला आकडा, जो जायंटसाठी १०१०. इथे उत्तर येतं सुमारे २९६, आणि त्यात त्या शर्यतीच्या दर्जाप्रमाणे आणखी थोडे गुण मिळवतात. हे गुण कमी तितके चांगले. पण हे २९६ कुठून आले तेही बघायला हवं. गुलमर्गचा बर्फ नावाजलेला आहे तो मऊपणासाठी. तिथे पाणी टोचलेल्या कडक उतारावर रोज सराव मिळत नाही, आणि गुण जास्त म्हणून बिब मागचा, बिब मागचा म्हणून चरींनी भरलेला मार्ग. त्या दिवशी शिवाय बर्फ पडत होता आणि बरेच जण मध्येच बाद झाले. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. त्याआधी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला मनालीच्या आंचल ठाकूरने फिसच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं होतं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक.

मार्चच्या अंतिम फेरीचे, म्हणजे विश्वचषकाच्या शेवटच्या शर्यतींचे, नियम वेगळे. प्रत्येक प्रकारात क्रमवारीतले पहिले २५, ज्युनियर जगज्जेता आणि एकूण ५०० गुण झालेले, एवढ्यांनाच प्रवेश; गुण पहिल्या १५ जणांनाच. इतर वेळी सोळाव्याला १५ गुण मिळतात, इथे शून्य. शिवाय अंतिम फेरीतली रद्द झालेली शर्यत पुन्हा भरवत नाहीत, आणि यावर सबंध सीझनचा निकाल लागलेला आहे. २०११ मध्ये लेंत्सरहाइडेला शेवटची जायंट स्लॅलम रद्द झाली तेव्हा मारिया रीश १७२८ वर होती आणि लिंडसे वॉन १७२५ वर. मोठा गोल तीन गुणांनी रीशकडे गेला. २०२४ मध्ये झाल्बाखला डाउनहिलच्या छोट्या गोलासाठी ओडरमाट सिप्रियाँ साराझँच्या ४२ गुण पुढे होता आणि शर्यत एकच उरली होती. साराझँ जिंकला असता तर ओडरमाटला निदान तिसरं यावं लागलं असतं. चौथा आला असता तर आठ गुणांनी गोल गेला असता. शर्यत खराब हवामानामुळे झालीच नाही, आणि ४२ गुण ४२ च राहिले.